अनारशाची खसखस आणि मॉर्फीनची गोळी

दिवाळीत अनारसे थापायला घेतले की घरात खसखशीची वाटी निघते, आणि मला दरवेळी मंदसौरची शेतं आठवतात. ज्या बोंडातून ही खसखस झटकून काढतात, त्याच बोंडाला आधी चिरे मारून अफूचा चीक गोळा केलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारनंतर चिरा लावायचा, रात्रभर चीक बाहेर येऊ द्यायचा आणि पहाटे खरवडून घ्यायचा. पोपटांनाही या बोंडांची चटक लागते. आमच्या माळव्यातले शेतकरी त्यांच्यामुळे हैराण असतात, दर हंगामात त्याच्या बातम्या येतात. खसखशीत नशेचा अंश जवळजवळ नसतो, तेव्हा अनारसे निर्धास्त खा. पण झाड एकच.

इंदूरहून चार-पाच तासांच्या वाटेवर मंदसौर, नीमच, रतलाम. इथे सरकारी पट्ट्यावर, म्हणजे परवान्यावर, अफू पिकते, नीमचच्या सरकारी कारखान्यात जाते, आणि या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आहे ग्वाल्हेरला. म्हणजे दुखण्यावरचं जगातलं सर्वांत जुनं आणि जोरदार औषध आपल्या अंगणात पिकतं. आणि तरीही आपल्या घरांमध्ये त्याच्याबद्दल जेवढा गोंधळ आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याच औषधाबद्दल मी पाहिला नाही. इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमचं मेडिकल स्टोअर होतं, तिथे अडतीस वर्षं गल्ल्यावर बसलो. ज्यांनी घाबरायला नको ते घाबरतात, आणि ज्यांनी घाबरायला हवं ते शेंगदाण्यासारख्या गोळ्या खातात, एवढा निष्कर्ष काढायला अडतीस वर्षं पुष्कळ झाली.

आधी शब्द. अफूपासून निघालेली किंवा प्रयोगशाळेत तिच्या धर्तीवर बनवलेली सगळी औषधं म्हणजे ओपिऑइड. मॉर्फीन आणि कोडीन सरळ अफूतून येतात. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, फेंटानिल, मेथाडोन ही माणसाने बनवलेली. बुप्रेनॉर्फिन मधलं, अफूतल्याच एका द्रव्यापासून घडवलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधवाल्याने अफूतून मॉर्फीन वेगळं काढलं आणि स्वप्नांच्या ग्रीक देवाचं, मॉर्फियसचं नाव त्याला दिलं. (आमच्याच धंद्यातला माणूस, म्हणून मला त्याचा जरा अभिमान आहे.)

ही औषधं काम कशी करतात? मेंदूत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि आतड्यांत काही खास ग्राही असतात, म्हणजे ठरावीक द्रव्यांनी येऊन बसायच्या जागा. ते आहेत हे १९७३ मध्ये कळलं. आणि दोन वर्षांतच हेही कळलं की आपलं शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतं. एंडॉर्फिन म्हणतात ती हीच. मॉर्फीन जाऊन याच जागांवर बसतं. मग जखमेकडून निघालेला दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच बराचसा अडतो, आणि जो मेंदूपर्यंत पोचतो त्याची धार बोथट झालेली असते. पेशंट म्हणतात, ‘दुखतंय, पण आता त्याचं काही वाटत नाही.’ या एका वाक्यात औषधाचा गुण आला आणि त्याचा धोकाही आला. कारण तेच ग्राही श्वास चालवणाऱ्या केंद्रातही आहेत, तिथे श्वास मंदावतो. आतड्यात आहेत, तिथे आतडं सुस्तावतं. आणि मेंदूतल्या सुखाच्या वाटेवरही आहेत.

आता माझ्या मावशीकडे येतो.

मावशीला कॅन्सर होता, तो हाडांत उतरला होता. वय एकाहत्तर. दवाखान्यातून मॉर्फीनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या, दर चार तासांनी एक. मी भेटायला गेलो तर मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली, चादरीचं टोक दातांत. गोळ्या कुठे आहेत विचारलं, तर मावसभावाने देवघराच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. कुलूप लावलेला. म्हणाला, ‘अगदीच ओरडायला लागली की देतो रे अर्धी. तू औषधवाला, तूच सांग, सवय लागली म्हणजे?’

दादा काही निर्दय नव्हता. तो रात्र रात्र तिचे पाय चेपत बसायचा. पण ‘अफू’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे पुढचा शब्द ‘अफीमची’ हाच येतो. मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

दुखणं उसळल्यावर गोळी द्यायची, ही रीत अशा दुखण्याला चालत नाही. साधी मॉर्फीनची गोळी चार तास पुरते. तिचा असर उतरायच्या आत पुढची द्यायची, घड्याळ पाहून. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला डॉक्टरच्या सांगण्यावरून दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कुणाला उठवावं लागत नाही. दुखणं मागे राहिलं की कमी औषधात भागतं. ते पुढे निघून गेलं की त्याच्यामागे धावताना जास्त लागतं. अर्धी अर्धी देऊन दादा औषध वाचवत नव्हता, मावशीला दिवसभर पुढच्या कळेची वाट पाहायला लावत होता.

आणि सवयीचं म्हणाल, तर इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची आपण एकच मोट बांधतो. पहिली, शरीर औषधाला सरावतं. काही दिवसांनी तोच परिणाम यायला थोडं जास्त लागू शकतं. दुसरी, शरीर त्याच्यावर टेकून राहतं. एकदम बंद केलं तर त्रास होतो. काही आठवडे रोज घेतलं तर हे कुणाचंही होतं. स्टेरॉइड अचानक सोडूनही शरीर कोलमडतं, पण म्हणून कुणी पेशंटला व्यसनी म्हणत नाही. तिसरी गोष्ट मात्र व्यसनाची. नुकसान दिसत असतानाही मन त्याच्याच मागे धावतं, दुखणं असो नसो गोळी हवीच, त्यासाठी खोटं बोलायचं, घरातले पैसे उचलायचे. कॅन्सरच्या कळांनी तळमळणाऱ्या, देखरेखीखाली औषध घेणाऱ्या म्हातारीत पहिल्या दोन गोष्टी होऊ शकतात. तिसरी क्वचितच होते. आणि झालीच असती, तर तिच्या उरलेल्या महिन्यांत तिने नेमकं काय बिघडवलं असतं, असं मी दादाला विचारलं. तो काही बोलला नाही. उठून त्याने डब्याचं कुलूप काढलं.

चौथ्या दिवशी मावशी उशीला टेकून बसली होती आणि सूनबाईला भाजणी जास्त भाजू नकोस म्हणून सांगत होती.

मॉर्फीन म्हणजे ‘आता शेवट’ असंही लोक समजतात. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांचा जिना सांगितला. खाली पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मध्ये कोडीनसारखी सौम्य ओपिऑइड, वर मॉर्फीन. पायरी दुखण्याच्या जोरावर ठरते, आयुष्य किती उरलं यावर नाही. उपचाराने दुखणं कमी झालं की माणूस जिना उतरूही शकतो.

एक गोष्ट मात्र कुणी आवर्जून सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बद्धकोष्ठ. मळमळ, गुंगी चार-पाच दिवसांत शरीर पचवतं, पण आतडं ओपिऑइडला कधीच सरावत नाही. पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ करणारं औषध सुरू हवं. आणि इथे आपला घरगुती डॉक्टर चुकतो. तो इसबगोल देतो. इसबगोल हा नीमचच्याच मंडीतला माल, मला त्याच्याबद्दल आदर आहे, पण सुस्तावलेल्या आतड्यात तो पाणी शोषून फुगून बसतो आणि वाट आणखी अडवतो. अशा वेळी आतड्याला हलवणारं औषध लागतं, म्हणजे सोनामुखीच्या जातीचं किंवा बिसाकोडिल, जोडीला लागलं तर लॅक्टुलोज. पोट साफ होत नाही म्हणून मॉर्फीन सोडून देणारे पेशंट मी पाहिलेत.

मग हे औषध एवढं गुणाचं आहे तर कोपऱ्यावरच्या दुकानात का मिळत नाही? १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला तो हवाच होता. पण शिक्षा दहा-दहा वर्षांच्या, आणि दवाखान्याला थोडं मॉर्फीन ठेवायचं तरी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने. ते सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. दवाखान्यांनी साठा ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला, आणि डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फीन लिहायला न शिकताच बाहेर पडली. जगाला अफू पुरवणारा देश आणि स्वतःच्या पेशंटला गोळी नाही, हे त्या काळाचं चित्र.

ते बदलायला केरळने सुरुवात केली. कोझिकोडचे भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिथे वेदनाशमनाचं काम उभं केलं, गल्लीतल्या स्वयंसेवकांना हाताशी धरून. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन वगैरे औषधांचा ‘अत्यावश्यक’ असा वेगळा वर्ग झाला आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. आता मान्यता असलेल्या दवाखान्यात, वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून ते मिळतं. तेव्हा घरात असं दुखणं असेल तर मेडिकलवाल्याशी हुज्जत घालू नका. मोठ्या दवाखान्यात ‘पेन क्लिनिक’ किंवा ‘पॅलिएटिव्ह केअर’ कुठे आहे ते विचारा. हा शब्द उच्चारला की योग्य दार सापडतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा माणूस ओपिऑइडची वकिली करतोय. आता गल्ल्यावरची दुसरी बाजू ऐका.

एक गृहस्थ दर आठवड्याला यायचे. चाळिशीचे, दिवसभर बाइकवर फिरायचं काम. गाडी बंद न करताच म्हणायचे, ‘भिया, नेहमीचा पत्ता द्या.’ नेहमीचा पत्ता म्हणजे ट्रामाडोलच्या गोळ्यांची स्ट्रिप. कंबरेची गादी सरकली तेव्हा डॉक्टरने पाच दिवसांसाठी लिहिलं होतं. त्या चिठ्ठीचे घडीवर चिरून चार तुकडे होत आले होते, तारीख दोन वर्षांपूर्वीची. मी नाही म्हणायचो. ट्रामाडोल एच-वन यादीत आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं, आणि २०१८ पासून तर ते एनडीपीएसमध्येही आलं. ते चिडून निघून जायचे. कुठून तरी त्यांना मिळत असणारच, हेही मला कळत होतं.

एकदा ते स्वतःहून बाकावर बसले. म्हणाले, चार दिवस बंद करून पाहिली, तर नाकातून पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, पायांची तगमग, वरून जुलाब. ‘कंबर तर आधीपेक्षा जास्त दुखतेय. म्हणजे रोग वाढलाय ना?’

नाही. रोग वाढला नव्हता. गोळी अचानक सोडल्याची ती लक्षणं होती. कंबर जास्त दुखण्यामागे आणखी एक विचित्र गोष्ट असू शकते. फार दिवस ओपिऑइड घेतलं की काहींची मज्जासंस्था दुखण्याला उलट जास्तच हळवी होते. ज्या औषधाने दुखणं कमी व्हायचं तेच ते वाढवायला लागतं, आणि माणूस आणखी एक गोळी घेतो.

तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि त्याची जात ताज्या दुखण्याहून वेगळी असते. पावसाळ्यात दाराच्या बेलचं बटण दमट होऊन आत अडकतं, पाहिलंय? दारात कुणी नाही, बेल वाजतेच आहे. कंबर, गुडघे, मान यांच्या कित्येक जुन्या दुखण्यांत असंच होतं. मूळ इजा केव्हाच भरून आलेली असते किंवा जेवढी उरली तेवढीच असते, पण मज्जातंतूंचं बटण अडकून बसतं. दुखणं खोटं नसतं, बेल खरीच वाजत असते. ओपिऑइड म्हणजे बेलवर उशी दाबून धरणं. आवाज दबतो, बटण सुटत नाही.

हे माझं तत्त्वज्ञान नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर, खुबा किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असलेली २४० माणसं, निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना साधी वेदनाशामकं, वर्षभर. हिंडण्या-फिरण्यात फरक पडला नाही. दुखण्याची तीव्रता तर साध्या औषधांच्या गटात किंचित कमीच निघाली, आणि दुष्परिणाम ओपिऑइडच्या गटात जास्त. त्याच अमेरिकेत १९९६ पासून ऑक्सिकोडोनच्या गोळ्या ‘व्यसनाचा धोका नगण्य’ म्हणत कंबरदुखीपर्यंत सगळ्याला लिहिल्या गेल्या. त्यासाठी पुरावा म्हणून वारंवार पुढे केलं जाई ते १९८० मधलं एका वैद्यकीय नियतकालिकातलं पाच वाक्यांचं पत्र, तेही रुग्णालयात भरती असलेल्या पेशंटबद्दलचं. २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडच्या अतिमात्रेने ८० हजारांहून जास्त माणसं गेली. तोवर बहुतेक मृत्यूंमागे चोरट्या बाजारातलं फेंटानिल होतं, पण त्या वाटेची सुरुवात बऱ्याच जणांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीने झाली होती.

मग कंबरवाल्यांनी करायचं काय? व्यायाम, आणि तो कुणी शिकवलेला. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, गोळीसारखं नाही ना ते. नस दाबली जाऊन जळजळ, मुंग्या, करंट लागल्यासारखं होत असेल तर त्याची औषधंच निराळी. अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन अशी. त्यातली काही मुळात उदासीनतेवरची आहेत, तेव्हा डॉक्टरने लिहिली म्हणजे ‘मला वेडा समजतो’ असं नाही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही निरुपद्रवी नव्हेत. ओपिऑइड नको म्हणून वर्षानुवर्षं त्या खाऊन किडन्या आणि जठर घालवलेले लोक आहेत. आणि सगळं करून झाल्यावरही काहींच्या जुनाट दुखण्याला ओपिऑइडची जागा असू शकते. तेव्हा ती कमीत कमी मात्रेत, ‘जिना चढता यावा’ असं काही उद्दिष्ट ठरवून, आणि ते साधत नसेल तर थांबवायचं हे सुरुवातीलाच बोलून घ्यायची.

त्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो की एकदम सोडू नका, डॉक्टरकडे जाऊन खरं सांगा. मात्रा हळूहळू उतरवतात. वर्षानुवर्षांची असेल तर महिन्याला दहा टक्के इतक्या सावकाश. ते गेले की नाही, मला कळलं नाही. आमच्याकडे पुन्हा आले नाहीत.

दोन्ही प्रकारच्या घरांत लागू असलेल्या काही गोष्टी राहिल्या. ओपिऑइडबरोबर दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी घेतली की श्वास दोन्हीकडून दाबला जातो. दम्यासारखा छातीचा जुना आजार, झोपेत श्वास अडकणं, किडनी कमजोर असणं, हे डॉक्टरने विचारलं नाही तरी त्याला सांगा. कमजोर किडनीत मॉर्फीनचे अंश साचतात आणि चौथ्या दिवशी अचानक गुंगी चढते. कोडीन आणि ट्रामाडोल यकृतात बदलूनच पुरतं काम करतात. कुणाच्या शरीरात हा बदल होतच नाही, त्याला गुण येत नाही. कुणात फार वेगाने होतो, त्याला एका गोळीतही जास्त चढते. म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला नको. ट्रामाडोलच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, वरून तापाची गोळी घेतली की यकृतावर दुहेरी भार.

माणूस हलवून उठत नाही, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेतोय, बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, तर वाट न पाहता १०८ लावा. उतारा आहे, नॅलॉक्सोन, आणि तो मिनिटांत काम करतो, पण वेळेत पोचायला हवं.

फेंटानिलची पट्टी तीन दिवस त्वचेवर राहते. तिच्यावर शेकायची गरम पिशवी ठेवली की उष्णतेने औषध भसाभसा आत जातं. आपल्याकडे आजाऱ्याला शेक देणं ही माया आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. काढलेल्या पट्टीतही पुष्कळ औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं बघा.

मावशी गेल्यावर दादाने तो बिस्किटांचा डबा तसाच उचलून दवाखान्यात नेला. उरलेल्या गोळ्या तिथल्या सिस्टरने ट्रेमध्ये ओतून दोनदा मोजल्या. सतरा. रजिस्टरात आकडा लिहिला, दादाची सही घेतली आणि रिकामा डबा परत दिला.